पत्ते बरे येतात, तरी पैसे जातात: होल्डेममध्ये सुरुवातीचा हात निवडताना गळती कुठे होते

होल्डेमचे, म्हणजे प्रत्येकाला दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं अशा पोकरचे, नियम कळले, कोणता हात कोणाला मारतो ते पाठ झालं, की पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांची एकच तक्रार सुरू होते. "पत्ते वाईट येत नाहीत हो. राजा लागतो, एक्का लागतो. पण शेवटी समोरच्याकडे नेमका तोच राजा, आणि वर मोठा किकर (जोडीच्या बाजूचा पत्ता)." मग कोणी नशिबाला बोल लावतं, कोणी खुर्ची बदलतं, कोणी फोनवर हातांचा तक्ता उतरवून घेतं. तक्ता पाठ होतो, तक्रार मात्र तशीच राहते.

या तक्रारीत नशिबाचा वाटा फार थोडा असतो. "हा हात चांगला आहे का?" हा प्रश्नच अर्धवट विचारलेला असतो. कुठल्या खुर्चीवरून, कोण आधी आत आल्यावर, आणि हात लागलाच तर आपल्यासमोर पैसे घेऊन कोण उभं राहणार, हे त्यात जोडल्याशिवाय त्याला धड उत्तर मिळत नाही. तक्ता फक्त पत्त्यांबद्दल बोलतो. गळती बाकीच्या गोष्टींत असते.

एक हात जवळून

नऊ जणांचं टेबल. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी आधीच सक्तीने भरायचे पैसे, ५ (स्मॉल) आणि १० (बिग). प्रत्येकापुढे हजाराच्या चिप्स, म्हणजे १०० बिग ब्लाइंड. बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे जो बसलाय, ज्याला सगळ्यात आधी बोलावं लागतं, त्याला बदामाचा राजा आणि किलवरचा गुलाम आला. दोन चित्रं बघून तो १० टाकून आत आला. पुढच्या चौघांनी पत्ते टाकले, कटऑफने (बटणाच्या आधीची खुर्ची) ४० केले, बटण (वाटणाऱ्याची खुर्ची) आणि दोन्ही ब्लाइंड बाहेर. "तीसच तर टाकायचेत" म्हणत आपल्या माणसाने कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले.

पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, ९५. फ्लॉपवर (पहिली तीन पानं) इस्पिक राजा, चौकट नव्वी, किलवर चौकी. चेक (पैसे न लावता पुढे), समोरून ६०, कॉल. टर्नला (चौथं पान) बदाम दुर्री. चेक, समोरून १५०, कॉल. रिव्हरला (पाचवं पान) इस्पिक सत्ती. चेक, समोरून ३५०, आणि बराच वेळ चिप्स खुळखुळवून कॉल. समोरच्याने चौकटचे एक्का-राजा उलटे केले. या एका हातात ६०० गेले.

अशा हातानंतर टेबलावर चर्चा रंगते ती रिव्हरची. ३५० ला सोडायला हवं होतं का, टर्नला रेझ करून, म्हणजे पैसे वाढवून, बघायला हवं होतं का, वगैरे. त्या चर्चेला अर्थ आहे, पण दुखणं तिथलं नाही. समोरचा माणूस या बोर्डवर तिन्ही वेळा पैसे कशावर लावेल? एक्का-राजा, राजा-राणी, एक्क्यांची जोडी, तीन नव्व्या किंवा तीन चौक्या. राण्यांची किंवा दश्श्यांची जोडी असती तर वर राजा बघून तो टर्नलाच थंड पडला असता. म्हणजे आपला राजा-गुलाम पुढे असतो तेव्हा पॉट लहान राहतो, आणि पॉट मोठा होतो तेव्हा आपण मागे असतो. हात लागला नाही म्हणून हे नुकसान झालेलं नाही. हात लागला, म्हणूनच झालं.

हे वाक्य नव्या खेळाडूच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड जातं. न लागलेला हात टाकायला कोणाला फार शिकवावं लागत नाही. महाग पडतो तो दुसऱ्या नंबरचा हात.

खुर्चीचा हिशेब

आता जरा आकडे. आपल्याकडे राजा-गुलाम असताना आपल्यावर सरळ स्वार होणारे हात म्हणजे एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-राणी आणि एक्के, राजे, गुलाम यांच्या जोड्या. आपले दोन पत्ते काढल्यावर पहिल्या तिघांचे प्रत्येकी १२ संच उरतात, एक्क्यांच्या जोडीचे ६, राजांच्या आणि गुलामांच्या जोडीचे तीन-तीन. एकूण ४८. उरलेल्या पन्नास पत्त्यांतून दोन पत्त्यांचे १२२५ संच होतात, म्हणजे एका खेळाडूकडे यातला एखादा असण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास. चार टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटतं.

पण पहिल्या खुर्चीवर आपल्यामागे आठ जण बोलायचे बाकी असतात. आठांपैकी निदान एकाकडे असा हात असण्याची शक्यता ढोबळमानाने २७ टक्क्यांवर जाते, म्हणजे चारात एकदाहून थोडी जास्त. तेच पत्ते बटणावर आले आणि आधीच्या सगळ्यांनी टाकले असतील, तर मागे फक्त दोन ब्लाइंड उरतात आणि शक्यता आठ टक्क्यांच्याही खाली येते. पत्ते तेच. पहिल्या खुर्चीवर ते टाकायचे, बटणावर बिनधास्त रेझ करायचे.

एक्का-सत्ती ऑफसूटचं (वेगवेगळ्या चिन्हांचे पत्ते) गणित याहून वाईट आहे, आणि नेमका तोच हात सगळ्यांना आवडतो. त्याच्यावर एक्का-अठ्ठीपासून एक्का-राजापर्यंत सगळे हात स्वार होतात. हे ७२ संच झाले, एक्क्यांच्या जोडीचे तीन धरून ७५. पहिल्या खुर्चीवरून आठ जण मागे असताना निदान एकाकडे यातलं काही असण्याची शक्यता ४० टक्के. तुमचा एक्का फ्लॉपवर लागला आणि समोरून जोरात पैसे येऊ लागले, की तो त्या ४० टक्क्यांतला असण्याची शंका आणखी बळावते.

एक्का-राजासमोर राजा-गुलाम साधारण चारात एकदा जिंकतो. हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं.

मागे किती जण उरलेत यापलीकडेही खुर्चीचा एक फायदा असतो. बटणावरचा खेळाडू फ्लॉप, टर्न, रिव्हर या तिन्ही वेळी सगळ्यांत शेवटी बोलतो. समोरचे दोघं चेक करतात तेव्हा त्याला काहीतरी कळलेलं असतं. पहिल्या खुर्चीवरच्याला काहीच कळलेलं नसतं आणि तरी त्यालाच आधी बोलायचं असतं. मध्यम हातांचे मध्यम निर्णय असतात, आणि मध्यम निर्णय माहिती नसताना घ्यावे लागले की महाग पडतात.

एक्क्याचं वेड येतं कुठून

आपल्याकडे बहुतेकांचा पत्त्यांचा पहिला संस्कार दिवाळीतल्या तीन पत्तीचा असतो. तिथे एक्क्याला मान आहे आणि तो रास्त आहे. तीन पत्त्यांच्या वाटपात ७४ टक्के हातांत जोडीसुद्धा नसते. म्हणजे दोघं शेवटपर्यंत भिडले आणि एकाकडे नुसता एक्का असला, तरी तो पुष्कळदा पुरतो. जोडी आली की माणूस ताठ बसतो.

होल्डेममध्ये पाचही पानं उघडेपर्यंत थांबलात, तर सात पत्त्यांतून काहीच न झालेले हात उरतात फक्त १७ टक्के. जोडी ४४ टक्के, दोन जोड्या २३ टक्क्यांच्या वर. नुसता एक्का इथे कोणाला मारत नाही, आणि एक्क्याची जोडी झाली तर लगेच बाजूच्या पत्त्याची झडती सुरू होते. तीन पत्तीतून आलेल्या माणसाला किकरची सवयच नसते. तो पत्ते हळूच उचलतो, एक्का दिसतो, दुसरा पत्ता बघायच्या आधीच त्याचं ठरलेलं असतं.

दुसरी सवय ब्लाइंडची. तीन पत्तीत पत्ते न बघता चाल करत राहणं ही मर्दुमकी मानतात, शिवाय बघितलेल्या खेळाडूला दुप्पट भरावं लागत असल्याने ती स्वस्तही असते. होल्डेममध्ये ब्लाइंड हा नुसता जबरदस्तीचा भुर्दंड आहे. तो भरल्याने काहीही स्वस्त होत नाही. यावर पुढे येतोच.

(तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये फ्लश (कलर) स्ट्रेटला (सिक्वेन्सला). या उलटापालटीमुळे अजूनही दर मैफिलीत एक तरी भांडण होतं.)

"पण सूटेड होते ना!"

टेबलावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारी सबब हीच. राजा-चौकी, राणी-पंजी, गुलाम-दुर्री, काहीही असो, दोन्ही इस्पिकचे आहेत म्हणून आत.

दोन सूटेड पत्त्यांवर फ्लॉपलाच तयार फ्लश मिळण्याची शक्यता एक टक्काही नाही. साधारण १२० वेळा फ्लॉप बघावा तेव्हा एकदा. चार पत्ते जुळून एकाची वाट बघायची वेळ येते ती नवातून एकदा, आणि तिथूनही रिव्हरपर्यंत फ्लश पुरा होतो तो तीनात एकदाच्या थोडा वर. वाट बघताना समोरचा फुकट बघू देत नाही, हे वेगळं. एकच चिन्ह असल्याने हाताची ताकद दोन-तीन टक्क्यांनी वाढते, बस. चांगल्या हाताला ती बढती आहे. वाईट हात त्याने चांगला होत नाही. राजा-चौकीचा फ्लश झाला आणि समोर एक्क्याचा फ्लश असला, तर पुन्हा तीच दुसऱ्या नंबरची गोष्ट, फक्त पॉट आणखी मोठा.

याला अपवाद सूटेड एक्क्यांचा. एक्का-पंजी सूटेडचा फ्लश झाला तर तो सहसा सगळ्यांत मोठा असतो, म्हणजे मोठ्या पॉटमध्ये तुम्ही पहिल्या नंबरवर असता. म्हणून मधल्या खुर्चीवरून एक्का-पंजी सूटेड खेळायला माझी हरकत नाही, आणि एक्का-नव्वी ऑफसूटला आहे. नव्वी पंजीपेक्षा मोठी, हे खरंच. पण मोठ्या पॉटमध्ये उपयोग कशाचा, ते बघा.

लहान जोड्या, आणि एकसारखे दिसणारे गुण

हातांना गुण द्यायची एक प्रसिद्ध रीत आहे, बिल चेन या गणितज्ञ खेळाडूची. एक्क्याला १०, राजाला ८, राणीला ७, गुलामाला ६, बाकीच्यांना आकड्याच्या निम्मे. जोडी असेल तर दुप्पट, सूटेडला दोन वर, मध्ये अंतर असेल तर वजाबाकी. पाठ करायला सोपी आणि सुरुवातीला चांगलीच उपयोगी. पण तिने राजा-गुलाम ऑफसूट मोजा: ८ वजा १, उत्तर ७. आता सत्तीची जोडी मोजा: साडेतीन दुणे ७. गुण तंतोतंत सारखे, आणि स्वभाव पूर्ण उलटा.

सत्तीच्या जोडीला फ्लॉपवर तिसरी सत्ती मिळते साडेआठात एकदा. बाकी बहुतेक वेळी वर मोठे पत्ते येतात, तुम्ही पत्ते टाकता, नुकसान कॉलपुरतं. पण ती सत्ती लागते तेव्हा कोणाला दिसत नाही, आणि एक्का-राजावाला आनंदाने पैसे भरत राहतो. हरताना थोडं, जिंकताना भरपूर. राजा-गुलामाचं बरोबर उलट.

मात्र यासाठी समोरच्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही पुढे पुरेसे पैसे हवेत. माझा ठोकताळा असा: जितक्याचा कॉल, त्याच्या निदान पंधरा पट चिप्स मागे उरल्या पाहिजेत. ३० चा कॉल असेल तर साडेचारशे. टूर्नामेंटच्या उत्तरार्धात सगळ्यांकडे पंधरा-वीस ब्लाइंड उरलेले असताना तिसऱ्या सत्तीच्या आशेने कॉल करत बसलात, तर साडेआठात एकदा लागणाऱ्या सत्तीतून बाकीच्या वेळांचं नुकसान वसूलच होत नाही. तिथे जोडीवर एकतर सगळ्या चिप्स स्वतः आत ढकला, नाहीतर पत्ते टाका.

तसंच, चार-पाच जण नुसते १०-१० टाकून आत आले असतील तर लहान जोड्या आणि सूटेड एक्के यांचा भाव वाढतो आणि ऑफसूट चित्रांचा पडतो. गर्दीत एका जोडीवर पॉट जिंकणं कठीण. एक्क्यांच्या जोडीचंच बघा ना. एकासमोर ती ८५ टक्के वेळा जिंकते, पाच जण रिव्हरपर्यंत राहिले तर निम्म्यावर येते.

कॉल करायला जास्त चांगला हात लागतो

पहिल्या हातातली खरी गफलत लिंप, म्हणजे रेझ न करता नुसते १० टाकून आत येणं, ही होतीच, पण तिच्याहून मोठी त्यानंतरचा कॉल. समोरून रेझ आली की हिशेब बदलतो, आणि तक्त्यावर "खेळण्यासारखा" म्हणून छापलेला हात खेळण्यासारखा राहत नाही.

तुम्ही स्वतः पहिले रेझ करता तेव्हा जिंकायचे दोन रस्ते असतात: सगळे पळून जातात, किंवा हात लागतो. कॉल करणाऱ्याला पहिला रस्ता बंद असतो. त्यात ज्याने रेझ केलीय त्याने आपला हात चांगला आहे असं जाहीर केलेलं असतं, निदान बऱ्याच वेळा. म्हणून ज्या हाताने तुम्ही एखाद्या खुर्चीवरून स्वतः उघडाल (पहिली रेझ कराल), त्यातल्या खालच्या टोकाच्या हाताने तिथूनच कॉल करू नये. मधल्या खुर्चीवरून राजा-राणी ऑफसूटने उघडणं ठीक. पण पहिल्या खुर्चीवरच्या घट्ट खेळणाऱ्या काकांनी रेझ केली असेल तर तोच राजा-राणी टाकायचा. काका कशाने रेझ करतात? एक्का-राजा, एक्का-राणी, मोठ्या जोड्या. तुमच्या दोन्ही पत्त्यांवर ते आधीच बसलेत.

एक्का-राजासुद्धा फ्लॉपवर जोडी मिळवतो तीनात एकदा. म्हणून त्याने रेझ करावी, पुन्हा रेझ करावी, आणि न लागलेल्या दोन वेळांतल्या काही वेळा समोरच्याला आधीच घरी पाठवावं. नुसता कॉल करून वाट बघणाऱ्याचा एक्का-राजा दोन तृतीयांश वेळा रिकामा असतो.

ब्लाइंडमधले "अर्धे पैसे तर आधीच गेलेत"

स्मॉल ब्लाइंडवर बसलेला माणूस म्हणतो, पाच आधीच टाकलेत, अजून पाच टाकले की फ्लॉप दिसतो. टाकलेले पाच आता त्याचे नाहीत, पॉटचे आहेत. आणि फ्लॉपनंतर तिन्ही वेळा आधी बोलायचं ते त्यालाच. टेबलावरची सगळ्यांत वाईट खुर्ची अर्ध्या किमतीत मिळते म्हणून घ्यायची का? माझ्या मते स्मॉल ब्लाइंडवर दोनच पर्याय ठेवावेत, रेझ किंवा फोल्ड. अट्टल खेळाडू इथे बारकावे काढतील, काढू देत. गळती थांबवायची असेल तर हे दोन पुरेत.

बिग ब्लाइंडचं जरा वेगळं आहे. बटणावरून २५ ची रेझ आली, स्मॉल ब्लाइंड बाहेर, तर पॉटमध्ये ४० आहेत आणि तुम्हाला टाकायचेत १५. म्हणजे २७ टक्के वेळा जिंकलात तरी भरून निघतं. यावर कोणीतरी हुशार सांगतो की कुठल्याही दोन पत्त्यांना तेवढी शक्यता असतेच. कागदावर असते, अगदी सत्ती-दुर्रीलाही. पण ती शक्यता पाचही पानं बघितली तर. तुम्ही फ्लॉप चुकल्यावर समोरच्याने पैसे लावले की पत्ते टाकणार आहात, मग उरलेल्या दोन पानांचा वाटा तुमच्या नशिबी नाही. म्हणून बिग ब्लाइंडवर उदार असावं, पण जोडी, सूटेड किंवा लागून असलेले पत्ते असतील तेव्हा. राणी-तिर्री ऑफसूटला नाही. आणि रेझ बटणाऐवजी पहिल्या खुर्चीवरून आली असेल तर ती उदारताही आवरती घ्यावी.

पॉटमधून टक्केवारी कापली जाते अशा ठिकाणी हे आणखी घट्ट करा. बहुतेक ठिकाणी फ्लॉपआधीच संपलेल्या हातावर काप नसतो. म्हणजे रेझ करून ब्लाइंड उचलणाऱ्याला पूर्ण पैसे मिळतात, आणि कॉल करून लहान पॉट जिंकणाऱ्याच्या हातात कापून उरलेले येतात.

मग खेळायचं काय

एकूण १३२६ संच. जोडी सहा प्रकारे येते, एखादा सूटेड हात चार, तोच ऑफसूट बारा. हे बारा लक्षात असू द्या. राजा-गुलाम सूटेड एकदा येईल तोवर ऑफसूट तीनदा आलेला असतो, म्हणून ऑफसूटमधली चूक तिप्पट वेळा घडते.

आधी कोणी आत आलेलं नसेल तर नऊ जणांच्या टेबलावर माझी सुरुवातीची मोजपट्टी अशी. पहिल्या दोन खुर्च्यांवरून सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी कसेही, आणि सूटेडमध्ये एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी. हे १०४ संच होतात, आठ टक्क्यांना जरासे कमी. मधल्या खुर्च्यांवर त्यात पंजी-छक्कीच्या जोड्या, सगळे सूटेड एक्के, एक्का-गुलाम आणि राजा-राणी ऑफसूट, शिवाय राजा-दश्शी, राणी-दश्शी, दश्शी-नव्वी सूटेड. चौदा टक्क्यांच्या आसपास. बटणावर सगळ्या जोड्या, सगळे एक्के, सगळे सूटेड राजे, दश्शी किंवा तिच्या वरचे कुठलेही दोन पत्ते, आणि लागून असलेले सूटेड पत्ते. एक तृतीयांश हात. कटऑफ याच्या नि मधल्या खुर्चीच्या अधेमधे. ज्याने उघडायचं त्याने अडीच-तीन ब्लाइंडची रेझ करूनच उघडायचं, लिंप नाही.

ही मोजपट्टी थोडी घट्ट आहे, मुद्दाम. सैल करायला नंतर हरकत नाही.

कळतं पण वळत नाही, त्याचं कारण

एवढं सगळं माहीत असलेले लोकही रात्री अकरानंतर राणी-सत्ती खेळताना दिसतात, आणि याचं कारण कंटाळा. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात. वरच्या मोजपट्टीने त्यातले चार-पाचच खेळायचे. उरलेला वेळ पत्ते टाकायचे आणि दुसऱ्यांना खेळताना बघायचं.

फोनवर खेळून तयार झालेल्यांना हे जड जातं. तिथे हात भराभर वाटले जायचे, जोडीला दुसरं टेबल उघडता यायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे धरून, बंद केले. त्यानंतर यातले बरेच जण घरी नुसत्या चिप्सवर खेळतात किंवा सुट्टी काढून गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर जातात. गाडीभाडं, हॉटेल, बोटीची प्रवेश फी भरून बसलेल्या माणसाला तासभर पत्ते टाकायला सांगणं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. "एवढ्या लांब येऊन बघत बसू का?" हा प्रश्न माणसाच्या बाजूने अगदी बरोबर आहे. पण एक्का-सत्तीला प्रवासखर्च कळत नाही.

यावर उपाय साधा: पत्ते टाकलेल्या हातांतही काम घ्या. एका खेळाडूला धरा आणि तो कुठल्या खुर्चीवरून काय दाखवतो ते बघा. लिंप करून नंतर रेझला कॉल कोण करतं, चेक करून सोडून कोण देतं. दोन तासांत टेबलावरचे दोन-तीन जण उघड्या पुस्तकासारखे होतात, आणि मग त्यांच्याविरुद्ध एखादा सैल हात खेळायला तुमच्याकडे कारण असतं, नुसती हौस नसते.

टाकलेल्या हाताचा फ्लॉप बघून हळहळणं मात्र बंद करा. कुठल्याही दोन वेगळ्या पत्त्यांच्या फ्लॉपवर दोन जोड्या होतात पन्नासात एकदा. नऊ जणांच्या टेबलावर "टाकले नसते तर!" असं कोणीतरी थोड्या थोड्या वेळाने म्हणणारच. त्या एकाला ऐकून उरलेले एकोणपन्नास विसरले जातात.

तपासणी

दुखणं खरंच सुरुवातीच्या हातांत आहे का, हे फोनवरच्या वहीत तीन गोष्टी लिहून कळतं. स्वतःहून पैसे टाकलेला प्रत्येक हात, त्याची खुर्ची, आणि आत कसे आलात: स्वतः उघडून, कॉल करून की लिंप करून. ब्लाइंडचे सक्तीचे पैसे मोजायचे नाहीत. जिंकलं-हरलं ते आधी बघू नका, थोड्या हातांत तो आकडा नुसता नाचतो. संख्या बघा. नऊ जणांच्या टेबलावर शंभर हातांत वीसच्या आसपास वेळा आत गेलात तर ठीक, पस्तीस-चाळीस वेळा गेलात तर गळती सापडली. नंतर खुर्च्या बघा. पहिल्या तीन खुर्च्यांवरून आणि बटणावरून आत जायचं प्रमाण सारखंच असेल, तर तुम्ही पत्ते बघून खेळताय, खुर्ची बघून नाही. शेवटी कॉल आणि लिंप मिळून स्वतः उघडण्यापेक्षा जास्त भरतात का ते बघा. बहुतेकांचे भरतात.

हे तिन्ही आकडे जागेवर आल्यावरच पैशांकडे वळा, तेही सगळ्यांत मोठे गेलेले पाच पॉट काढून. त्यात राजा-गुलाम, एक्का-नव्वी, राणी-दश्शी अशी नावं दिसली तर वरचं सगळं पुन्हा एकदा वाचा. पण तिथे एक्क्यांची जोडी, राजांची जोडी, तिसरी सत्ती असं काही असेल, तर सुरुवातीचे हात तुम्ही नीट निवडताय. मग एकतर तो निव्वळ फिरलेला डाव होता, नाहीतर टर्न-रिव्हरला एका जोडीला चिकटून राहायची सवय आहे, आणि ती कुठल्याही तक्त्याने सुटणारी नाही.